चौदा वर्षांच्या बाई

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी एखादा तरी चरित्रलेख असतो. कलाम सर, विवेकानंद, टिळक, सिंधुताई. मागचे अंक चाळले की हीच मंडळी फिरून फिरून भेटतात, आणि भेटायलाच हवीत. पण या वेळी मला तुमची ओळख जिच्याशी करून द्यायची आहे ती मुलगी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही. अमेरिकेच्या इतिहासात मात्र तिची जागा पक्की आहे. नाव सूझी किंग टेलर. वयाच्या चौदाव्या वर्षी ती सैन्यात दाखल झाली आणि चोपन्नाव्या वर्षी त्याच्या आठवणी लिहिल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धातला स्वतःचा अनुभव पुस्तकरूपाने लिहून ठेवणारी ती एकमेव कृष्णवर्णीय स्त्री मानली जाते.

सूझीचा जन्म ६ ऑगस्ट १८४८चा. हे साल लक्षात ठेवा, कारण याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. सूझी जन्मली जॉर्जिया राज्यात, सव्हाना शहराच्या दक्षिणेला साधारण ३५ मैलांवर, ग्रेस्ट नावाच्या कुटुंबाच्या शेतावर. तिची आई त्या घरात कामाला होती. कामाला म्हणजे नोकरीला नव्हे, ती त्यांच्या मालकीची होती. आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, असा तिथला कायदा. म्हणजे सूझी पाळण्यात असतानाच कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीत होती.

सूझी सातेक वर्षांची झाली तेव्हा ग्रेस्टनी तिला तिच्या आजीकडे सव्हानाला राहायला जाऊ दिलं. आजीचं नाव डॉली. ही आजी म्हणजे जबरदस्त बाई. भाड्याने गाडी घ्यायची, त्यात तंबाखू, पीठ, साखर, काकवी भरायची, गावोगाव जाऊन विकायची, नाहीतर बदल्यात अंडी-कोंबड्या घ्यायची आणि त्या शहरात आणून खपवायची. आपल्या मॅनेजमेंटच्या इलेक्टिव्हला शोभेल असा तिचा धंदा होता. या आजीने ठरवलं की नात शिकणार.

आता इथे खरी अडचण होती. जॉर्जियात १८२९च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. गोऱ्या माणसाने शिकवलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंग, काळ्या माणसाने शिकवलं तर दंड किंवा फटके किंवा दोन्ही. हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जरा वेळ विश्वासच बसेना. माणसाला अक्षरांची एवढी भीती? पण विचार केला तर त्यात एक हिशेब दिसतो. ज्याला वाचता येतं त्याला वर्तमानपत्र वाचता येतं, नकाशा वाचता येतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परवानगीची चिठ्ठी स्वतः लिहिता येते.

त्या चिठ्ठीचं प्रकरण हॉस्टेलवाल्यांना लगेच कळेल. सव्हानात रात्री ९ वाजता घंटा व्हायची. त्यानंतर कुठलाही कृष्णवर्णीय माणूस, गुलाम असो की मुक्त, रस्त्यावर दिसला की पहारेकरी त्याला धरून चौकीत टाकायचे. सकाळी मालकाने दंड भरला की सुटका. बाहेर राहायचं तर लेखी पास हवा. आपण गर्ल्स हॉस्टेलच्या गेटपासवरून रेक्टर मॅडमशी हुज्जत घालतो, पण आपल्याला फार तर घरी फोन जातो. इथे प्रश्न कोठडीचा होता. आणि आजीचे हे पास लिहून कोण द्यायचं, तर दहा-बारा वर्षांची सूझी!

ती लिहायला शिकली कशी, हा तिच्या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग. मिसेस वुडहाउस नावाची एक मुक्त कृष्णवर्णीय विधवा आपल्या स्वयंपाकघरात चोरून शाळा चालवत होती. पंचवीस-तीस मुलं. सकाळी ९ला सूझी आणि तिचा भाऊ निघायचे, पुस्तकं कागदात गुंडाळलेली, म्हणजे पोलिसाला किंवा कुणा गोऱ्याला दिसू नयेत. मुलांनी घोळक्याने यायचं नाही. एकेकाने फाटकातून आत शिरायचं, अंगणातून सरळ स्वयंपाकघरात. शेजाऱ्यांना वाटायचं पोरं काही कामधंदा शिकायला येतात, कारण धंदा शिकवायला बंदी नव्हती. सुटतानाही तसंच, एकेक करून बाहेर पडायचं आणि पुढच्या चौकात सगळ्यांनी भेटायचं. असं दोनेक वर्षं चाललं. मग दुसऱ्या एका बाई. त्यांनी १८६०मध्ये आजीला सांगून टाकलं की आपल्याला येत होतं तेवढं शिकवून झालं, आता दुसरं कुणी बघा.

तिसरी शिक्षिका म्हणजे सूझीची खेळगडी, केटी ओकॉनर नावाची गोरी मुलगी. ही केटी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होती. रोज संध्याकाळी ती सूझीला धडे द्यायची, फक्त एका अटीवर की केटीच्या वडिलांना कळता कामा नये. चारेक महिने शिकवणी झाली आणि केटी कायमची कॉन्व्हेंटमध्ये गेली. पुन्हा भेट नाही. मी स्वतः कॉन्व्हेंटची, त्यामुळे या केटीबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटली. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं तर पाच रुपये दंड होता आणि आम्ही मैत्रिणी मागच्या बाकावर कुजबुजत मराठी बोलायचो. तेवढ्यातही छाती धडधडायची. केटी जे करत होती त्याला तर कायद्याने तुरुंग होता.

चौथा शिक्षक घरमालकाचा मुलगा, जेम्स. तो हायस्कूलला होता. युद्ध पेटलं आणि १८६१च्या मध्यावर त्याला दक्षिणेच्या सैन्यातून लढायला जावं लागलं. पुढे हाच जेम्स फितूर होऊन उत्तरेच्या बाजूला गेला असं सूझी लिहिते. गुलामीसाठी लढणाऱ्या सैन्यातला मुलगा आदल्या महिन्यापर्यंत एका गुलाम मुलीला चोरून शिकवत होता. माणसं अशी सरळ रेषेत बसत नाहीत.

युद्ध कशासाठी हे थोडक्यात. अब्राहम लिंकन १८६०मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि गुलामीवर जगणारी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. उत्तरेचं ते युनियन, दक्षिणेचं कॉन्फेडरेट. यापुढचं सगळं विकिपीडियावर आहे, त्यामुळे मी सरळ सव्हानाजवळच्या पुलास्की किल्ल्यावर येते, कारण सिव्हिलवाल्यांसाठी तिथे एक गंमत आहे. हा किल्ला बांधायला १८ वर्षं लागली होती, विटा अंदाजे अडीच कोटी, भिंती साडेसात फूट जाड. तो तोफांनी फुटणार नाही असंच बड्याबड्या लष्करी इंजिनिअरांचं मत होतं. त्यात रॉबर्ट ली होते, ज्यांनी तरुणपणी याच किल्ल्याच्या पायाच्या कामावर नोकरी केली होती. पण तोवर नळीत आटे पाडलेल्या तोफा आल्या होत्या. गोळा फिरत जातो, त्यामुळे लांबवर आणि नेमका लागतो. युनियनच्या क्विन्सी गिलमोर या इंजिनिअर अधिकाऱ्याने १० एप्रिल १८६२ला मैलभरापेक्षा जास्त अंतरावरून मारा सुरू केला आणि तीसेक तासांत भिंतीला भगदाड पडलं. ११ तारखेला किल्ला शरण आला. विटांच्या किल्ल्यांचा जमाना त्या दिवशी संपला असं म्हणतात.

सूझीला तेव्हा शहरातून आईकडे शेतावर पाठवलेलं होतं. तोफांचा आवाज तिथवर येत होता. गोरे लोक सांगत फिरायचे की उत्तरेचे यांकी आले तर काळ्यांना घोड्यांच्या जागी गाड्यांना जुंपतील. आजीने आधीच सांगून ठेवलं होतं की हे सगळं खोटं आहे. किल्ला पडल्यावर दोन दिवसांनी सूझीचा काका आपलं कुटुंब आणि तिला घेऊन सेंट कॅथरिन्स बेटावर पळाला. तिथे युनियनची जहाजं होती. पुढे त्यांना एका गनबोटीवर चढवून सेंट सायमन्स बेटाकडे नेलं.

त्या बोटीवरचा प्रसंग म्हणजे अक्षरशः ओरल होती. कॅप्टनने तिला विचारलं कुठली, वाचता येतं का, लिहिता येतं का. ती हो म्हणाली. त्याला पटेना, म्हणून पुस्तक पुढे केलं. तिने वाचून दाखवलं. मग नाव-गाव लिहायला सांगितलं, तेही लिहिलं. बेटावर पोचून काही दिवस होत नाहीत तोच तिथल्या मुलांची शाळा चालवशील का अशी विचारणा झाली. तिने पुस्तकं मागितली. आठवडा-दोन आठवड्यांत उत्तरेकडून दोन मोठ्या पेट्या भरून पुस्तकं आली. दिवसा चाळीसेक मुलं, रात्री मोठी माणसं, आणि शिकवणारी तेरा संपून चौदाव्यात असलेली. जॉर्जियात मुक्त कृष्णवर्णीयांना उघडपणे शिकवणारी ती पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका. आपल्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. त्या बेटावरची आजोबा-आजींच्या वयाची माणसंसुद्धा दिवसभर काम करून रात्री या चौदा वर्षांच्या बाईंसमोर अक्षरं गिरवत बसायची.

ऑक्टोबर १८६२मध्ये बेट रिकामं केलं आणि सगळ्यांना साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफोर्टला आणलं. तिथे पळून आलेल्या गुलामांची एक रेजिमेंट उभी राहत होती, फर्स्ट साउथ कॅरोलायना व्हॉलंटियर्स, पुढे तिचं नाव झालं ३३वी यू. एस. कलर्ड ट्रूप्स. कर्नल होते टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन, बोस्टनकडचे लेखक आणि गुलामीचे कट्टर विरोधक. सूझी कॅप्टन ट्रोब्रिजच्या तुकडीत दाखल झाली. हुद्दा काय, तर लाँड्रेस. धोबीण. त्याच वर्षी तिचं रेजिमेंटमधल्याच एडवर्ड किंग या सार्जंटशी लग्न झालं. वय चौदा! मी चौदाव्या वर्षी नववीत होते आणि वर्गशिक्षिकेला पालकांची सही दाखवणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट होतं.

कपडे धुण्याचं काम तिला फारसं करावंच लागलं नाही. तिचा वेळ जायचा सैनिकांना लिहायला-वाचायला शिकवण्यात आणि त्यांची पत्रं लिहून देण्यात. आणि बंदुका साफ करण्यात. मेकॅनिकलवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं. तेव्हाची बंदूक पुढून भरायची. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी टाकायची, गजाने ठासायची, मग मागे चापाखाली टोपी बसवायची. दारू जळाल्यावर जी काजळी राहते ती हवेतलं पाणी ओढते, नळी गंजते, आणि भरलेली दारू ओलसर झाली की ऐन वेळी बार उडत नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत तर रोजचीच कटकट. म्हणून बार उडवून पाहायचे, साफ करायचं, पुन्हा भरायचं. सूझी पूर्ण बंदूक खोलून परत जोडायला शिकली. नेमही धरायला शिकली, आणि गोळी निशाण्यावर लागायची. हे लिहिताना तिच्या म्हातारपणीच्या लेखणीतही जरा तोरा आलेला जाणवतो. मला तो फार आवडला.

या रेजिमेंटला सुरुवातीला लाल रंगाचे कपडे दिले होते. सैनिकांना ते अजिबात आवडले नाहीत, कारण शत्रूला मैलावरून दिसायचे. पण खरा राग पगाराचा होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १०, आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे कापून हातात ७. सूझी लिहिते की पहिले अठरा महिने तर काहीच मिळालं नाही. बायका अधिकाऱ्यांचे कपडे धुवायच्या, केक आणि पाय करून छावणीत विकायच्या आणि पोरं जगवायच्या. १८६३मध्ये सरकारने अर्धा पगार देऊ केला तेव्हा सैनिकांनी तो नाकारला. पूर्ण द्या, नाहीतर काहीच नको. घरात मुलं उपाशी असताना हे म्हणायला काय लागत असेल याचा विचार करून बघा. १८६४मध्ये संसदेने समान पगार मान्य केला आणि थकबाकीही मिळाली. सूझीला मात्र काहीच नाही. चार वर्षांवर काम, एक डॉलरही न घेता. याबद्दल तिने पुस्तकात तक्रार केलेली नाही. मी असते तर केली असती.

१ जानेवारी १८६३ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा ब्यूफोर्टच्या छावणीत वाचला गेला. बैल भाजले होते, भाषणं झाली, झेंडे मिळाले, रात्री शेकोट्या. सूझी त्या दिवसाबद्दल आनंदाने लिहिते, पण थोडक्यात.

जास्त लिहिते ती आजाऱ्यांबद्दल. रेजिमेंटमध्ये देवीची साथ आली. तिच्या तुकडीतला एक जण सगळ्यांपासून दूर वेगळ्या तंबूत ठेवला होता, डॉक्टर सोडून कुणी जात नव्हतं. सूझी रोज जायची. तिला देवीची लस टोचलेली होती, आणि त्याशिवाय ती ससाफ्रास नावाच्या झाडाचा काढा पीत राहायची. काढ्याचं राहू द्या, लसीने काम केलं असणार. तो माणूस वाचला नाही. १८६३च्या उन्हाळ्यात क्लारा बार्टन, ज्यांनी पुढे अमेरिकन रेड क्रॉस स्थापन केली, ब्यूफोर्टला होत्या. त्यांच्याबरोबर सूझी हॉस्पिटलमध्ये फिरली. त्या आपल्याशी नेहमी आपुलकीने वागायच्या हे तिने नोंदवलंय.

पुढे छावणी मॉरिस बेटावर गेली. तिथे वॅग्नर किल्ला होता. १८ जुलै १८६३ला ५४व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय रेजिमेंटने त्याच्यावर हल्ला केला होता आणि त्यांचे कर्नल रॉबर्ट शॉ आणि कितीतरी सैनिक तिथेच पडले होते. सूझी तिकडे फिरायला जायची तेव्हा वाटेत माणसांच्या कवट्या पडलेल्या असत. ती आणि बरोबरची माणसं त्या पायवाटेवरून बाजूला सरकवत. त्या आपल्या की शत्रूच्या हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्यांदा भयंकर वाटलं, मग सवय झाली, असं तिने साध्या शब्दांत सांगितलंय. तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती.

जुलै १८६४मध्ये रेजिमेंट जेम्स बेटावरच्या हल्ल्याला निघाली. तिने सगळ्यांची पडशी बांधायला मदत केली, ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली, आणि रिकाम्या छावणीत तिला झोप लागेना. पहाटेपासून जखमी येऊ लागले. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा हात. त्यांना देण्यासारखं अन्न नव्हतं. मग तिला कासवाची अंडी आणि डब्यातलं आटवलेलं दूध मिळालं, त्याचं तिने कस्टर्ड केलं. जखमींना ते फार आवडलं. त्याच वर्षाच्या शेवटी ब्यूफोर्टला जाताना तिची होडी रात्री उलटली. अंधारात शिडाला धरून पाण्यात लोंबकळत राहायचं आणि ओरडत राहायचं. जवळपास मध्यरात्री मदत आली. बरोबरचं एक लहान मूल बुडालं. सूझी पुढे कितीतरी दिवस अंथरुणात होती, मग कुबडी घेऊन चालायला लागली आणि परत छावणीत गेली.

फेब्रुवारी १८६५मध्ये चार्ल्स्टन पडलं. जिथे युद्धाचा पहिला तोफगोळा उडाला त्या भागात ही रेजिमेंट शिरली तेव्हा शहर जळत होतं आणि कालपर्यंत गुलाम असलेली ही माणसं कालपर्यंत मालक असलेल्यांची घरं विझवत होती. ९ फेब्रुवारी १८६६ला वॅग्नर किल्ल्यावर, शॉ आणि त्यांच्या सैनिकांच्या दफनभूमीवर, रेजिमेंटचा निरोप समारंभ झाला.

सूझी आणि एडवर्ड सव्हानाला परतले. तो चांगला सुतार होता, पण काळ्या सुताराला काम कोण देणार? तो बंदरात जहाजं उतरवायचं काम करू लागला. तिने घरातच शाळा काढली, महिना एक डॉलर फी, वीसेक मुलं. १६ सप्टेंबर १८६६ला एडवर्ड वारला. ती तेव्हा अठरा वर्षांची, आणि पोटात मूल. फुकट शिकवणारी मोठी शाळा निघाल्यावर तिची शाळा बंद पडली. सैन्यातली बाई, शिक्षिका, नर्स, ती आता लोकांच्या घरी स्वयंपाक आणि धुणं करू लागली. १८७२मध्ये नवऱ्याच्या नावचे १०० डॉलर मिळाले. आजीने आयुष्यभर साठवलेले जवळपास ३००० डॉलर मुक्त गुलामांसाठी काढलेल्या बँकेत होते. १८७४मध्ये ती बँक बुडाली. पुस्तकातला हा उल्लेख दोन-चार ओळींचा आहे, पण गोळीबारापेक्षा मला तोच जास्त लागला. (जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, त्याच सुमाराच्या या गोष्टी आहेत.)

एका श्रीमंत कुटुंबाबरोबर कामाला म्हणून ती उत्तरेला गेली आणि बोस्टनची झाली. १८७९मध्ये रसेल टेलर यांच्याशी दुसरं लग्न. माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या वुमन्स रिलीफ कोअरची शाखा उभारायला मदत केली, १८९३मध्ये त्या शाखेची अध्यक्ष झाली.

१८९८मध्ये तिचा मुलगा लुइझियानात आजारी पडला. तो नाटक कंपनीत होता. ती बोस्टनहून निघाली. दक्षिणेत शिरल्यावर तिला काळ्यांच्या डब्यात बसवलं. मुलगा इतका अशक्त होता की त्याला झोपवूनच आणावं लागणार होतं, पण काळ्या माणसाला रेल्वेचा स्लीपर बर्थ मिळेना. ती त्याला आणू शकली नाही आणि तो तिथेच गेला. त्याचा बाप ज्या झेंड्यासाठी लढला त्या झेंड्याच्या देशात मुलाला एक बर्थ नाही, हे तिने जसं लिहिलंय त्यावरून मला वाटतं की हे पुस्तक तिने त्यासाठीच लिहायला घेतलं असावं. १९०२मध्ये तिने ते स्वतःच छापलं. हिगिन्सन यांची छोटी प्रस्तावना आहे, आणि जुन्या ट्रोब्रिज साहेबांचं एक पत्र. त्यात त्यांनी तिचं नाव नर्सच्या पेन्शनच्या यादीत नाही याची खंत मांडली आहे. १८९२च्या कायद्याने युद्धातल्या नर्सेसना महिना १२ डॉलर पेन्शन सुरू झालं होतं. पण सरकारी कागदावर सूझी नर्स नव्हतीच. कागदावर ती धोबीण होती.

६ ऑक्टोबर १९१२ला बोस्टनमध्ये ती वारली. माउंट होप दफनभूमीत दुसऱ्या नवऱ्याच्या शेजारी तिला पुरलं, पण दगडावर तिचं नाव कोरलं गेलं नाही. ते २०२१मध्ये लागलं, तब्बल १०९ वर्षांनी. सव्हानात गुलामीचे मोठे समर्थक जॉन कॅलहून यांच्या नावाचा एक चौक होता. शहराने ते नाव काढलं आणि २०२३मध्ये त्या चौकाला सूझी किंग टेलरचं नाव द्यायचं ठरवलं.

पुस्तक कॉपीराइटमधून कधीच बाहेर आलंय, इंटरनेटवर फुकट मिळतं. छोटं आहे, इंग्रजी सोपं आहे. सबमिशनच्या आठवड्यात नको, पण पीएलमध्ये एका रात्रीत सहज होतं.